कोठीतले सोंडे वेळेआधी ओळखा

शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) कोठीत सोंडे, म्हणजे दाणे पोखरणारे किडे, झालेत हे बहुधा पीठ पडायला लागल्यावरच कळतं. त्याआधी पकडायचे तर सापळ्यासाठी एक इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या.

1. वरच्या अर्ध्या भागाला 2 मिमीची भोकं पाडा. मोठी पडली तर ज्वारीची कणी आत शिरते.
2. दोन्ही टोकांना घट्ट बूच. खालच्या बुचाला आतून व्हॅसलीन लावा, नाहीतर सोंडे परत चढतात.
3. भोकं बुडतील असा पाइप धान्यात उभा खुपसा, दुसऱ्या दिवशी खालचं बूच काढून बघा.

मृगापासून दर आठवड्याला तपासा. एकही किडा दिसला तर ज्वारी चाळून कडक उन्हात वाळवा. अळी दाण्याच्या आत असते, ती सापळ्यात येत नाही. राहत्या घरात सेल्फॉसच्या (धान्याला धुरी द्यायच्या विषारी) गोळ्या मात्र कधीच ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या वायूने माणसं दगावतात.