अपहरणाचा अभ्यास घड्याळापासून सुरू करा

संरक्षण आणि सामरिकशास्त्रात एम.ए. करताना मी प्रबंधिकेसाठी आयसी ८१४ या विमानाचे अपहरण हा विषय निवडला. या वाटेने येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना उपयोग होईल म्हणून माझी पहिली चूक आधी सांगतो.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे हे विमान पाच जणांनी ताब्यात घेतले आणि ते अमृतसर, लाहोर व दुबईजवळचा अल मिन्हाद हवाई तळ असे फिरत दुसऱ्या दिवशी सकाळी कंदाहारला पोहोचले. मी बातम्यांतल्या वेळा जशाच्या तशा वहीत उतरवत गेलो. अमृतसरहून उड्डाणाची भारतीय वेळ आणि लाहोरला उतरल्याची पाकिस्तानी वेळ एकाखाली एक आली, तेव्हा विमान उडण्यापूर्वीच उतरलेले दिसू लागले! नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे, पाकिस्तानचे अर्धा तास मागे, अफगाणिस्तानचे एक तास मागे आणि अमिरातीचे दीड तास मागे, हे हिशेबात न धरल्यामुळे माझे दोन आठवडे वाया गेले. सर्व वेळा प्रथम भारतीय वेळेत आणा आणि मगच लिहायला बसा.

त्यानंतर मी चार कार्डशीट चिकटवून एक तक्ता केला. डावीकडे वेळ आणि पुढे विमान, दिल्ली, स्थानिक प्रशासन, नातेवाईक असे रकाने. प्रत्येक चौकटीत काय घडले याऐवजी त्या क्षणी कोणाला काय ठाऊक होते, एवढेच लिहायचे, असा नियम मार्गदर्शकांनी घालून दिला. अमृतसरच्या सुमारे पाऊण तासाने माझा सर्वाधिक कस पाहिला. इंधन भरून घेण्यासाठी उतरलेले विमान इंधन न घेताच उडाले, आणि ‘तेथेच अडवायला हवे होते’ हे वाक्य मी पहिल्या मसुद्यात बिनदिक्कत लिहिले होते. तक्ता भरू लागल्यावर दिसले की, दिल्लीतील संकट व्यवस्थापन गटाला सूचना देण्यासाठी, आणि त्या सूचना धावपट्टीपर्यंत पोहोचण्यासाठी, मिळालेला अवधी किती तोकडा होता. दिरंगाई झाली, असे माझे मत आजही आहे. परंतु ते मत आता वाक्यापुरते नाही, चौकटी दाखवून मांडता येते.

नवखे विद्यार्थी ‘वाटाघाटी’ म्हणजे विमानातील माणसांशी झालेले बोलणे, असे समजतात. कंदाहारमध्ये अजित डोवाल, विवेक काटजू, सी. डी. सहाय यांच्यासारखे अधिकारी ज्यांच्या भूमीवर बसून बोलत होते, त्या तालिबानच्या राजवटीला भारताची मान्यताच नव्हती आणि विमानाभोवती पहाराही तालिबानचाच होता. अपहरणकर्त्यांनी ३६ कैद्यांची सुटका, वीस कोटी डॉलर आणि भारतात मारला गेलेला दहशतवादी सज्जाद अफगाणी याचा मृतदेह मागितला होता. पैसे आणि मृतदेह या मागण्या तालिबानच्या सांगण्यावरून मागे घेतल्या गेल्या. इकडे दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर नातेवाईक आक्रोश करत होते आणि जम्मू-काश्मीरचे मुख्यमंत्री फारूख अब्दुल्ला कैदी सोडण्यास कडाडून विरोध करत होते. हे सारे एकाच वाटाघाटीचे पदर आहेत, म्हणून ते वेगवेगळ्या प्रकरणांत विखरून टाकू नका.

अखेरीस ३१ डिसेंबरला मसूद अझहर, उमर शेख आणि मुश्ताक झरगर या तिघा कैद्यांना सोडण्यात आले आणि परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह स्वतः कंदाहारला गेले. येथे एक मोह आवरावा लागतो. अझहरने २००० मध्ये जैश-ए-मोहम्मद ही दहशतवादी संघटना स्थापन केली, हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु तक्त्यातील ३१ डिसेंबरच्या चौकटीत त्याला जागा नाही. तो मजकूर मी परिणामांच्या प्रकरणात घेतला.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो. संसदेतील निवेदने आणि पतियाळाच्या विशेष न्यायालयाचा २००८ चा निकाल आधी वाचा. मंत्री, अधिकारी आणि वैमानिक यांच्या आठवणी मोलाच्या असल्या, तरी प्रत्येक जण आपल्याच रकान्यातून बोलतो. सुटलेल्या प्रवाशांना भेटण्याची संधी मिळालीच, तर विमानात मारल्या गेलेल्या रूपिन कत्याल यांच्याविषयी प्रश्न तुम्ही काढू नका. बोलावेसे वाटले तर ते आपणहून बोलतील.