रॉक ग्लेशियर हलतोय की थांबलाय? वर्गीकरण करताना या चुका टाळा

उत्तरेकडे उतरणारा एक रॉक ग्लेशियर होता. उपग्रहाच्या चित्रात त्याचं तोंड स्वच्छ दिसत होतं: खाली खडा उतार, त्यावर नुकत्याच उघड्या पडलेल्या बारीक मालाचा फिकट पट्टा आणि माथ्यावर दगडफुलाने काळवंडलेले जुने धोंडे. पुढे सरकणाऱ्या रॉक ग्लेशियरचं तोंड असंच असतं, कारण वरचे धोंडे पुढे लोटले जाताना आतला माल सतत उघडा पडतो. तरीही माझ्या पहिल्या नकाशात तो 'अवशिष्ट', म्हणजे बर्फ संपून थांबलेला, म्हणून रंगवला गेला होता. उपग्रहावरच्या रडारला तिथे हालचाल दिसली नव्हती आणि मी त्याचा अर्थ 'हालचाल नाही' असा घेतला होता. या कामातल्या बऱ्याच चुकांचं मूळ मला या एका गल्लतीत सापडलं आहे.

आधी व्याख्या पक्की करा

रॉक ग्लेशियर म्हणजे गोठलेल्या दगडमातीची, आतल्या बर्फासकट उतारावरून संथपणे सरकणारी जीभ. जुन्या पद्धतीत तीन वर्ग होते: सक्रिय (बर्फ आहे, हलतो), निष्क्रिय (बर्फ आहे, हलत नाही) आणि अवशिष्ट (बर्फ संपला). इंटरनॅशनल पर्माफ्रॉस्ट असोसिएशनच्या 2018 मध्ये सुरू झालेल्या कृती गटाने वर्गीकरणाचा भर वेगावर आणला. वर्षाला डेसिमीटर ते काही मीटर सरकणारा तो सक्रिय, डेसिमीटरपेक्षा कमी सरकणारा तो संक्रमणातला, आणि हालचालीचा पुरावाच नसेल तो अवशिष्ट.

जुनी यादी आणि नवे वेग एकाच तक्त्यात घातले की गोंधळ होतो. जुन्या यादीतला 'निष्क्रिय' बर्फाबद्दल बोलतो, नवा 'संक्रमणातला' वेगाबद्दल. बर्फ आहे की नाही हे उपग्रह थेट सांगत नाही. प्रत्येक नोंदीसमोर वर्ग कशावरून ठरवला ते लिहा: रूपावरून, रडारवरून की दोन्हींवरून. हा एक रकाना पुढे फार वेळ वाचवतो.

रडारची आंधळी बाजू

सेंटिनेल-1 हा रडार उपग्रह ध्रुवांजवळून फिरतो आणि बाजूला, म्हणजे साधारण पूर्वेला किंवा पश्चिमेला बघतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम आणि वर-खाली हालचाल त्याला कळते, उत्तर-दक्षिण हालचाल फारच कमी कळते. 15 अंशांच्या उत्तर उतारावर खऱ्या वेगाचा साधारण तिसरा हिस्साच दृष्टिरेषेत (रडार ते जमीन या रेषेत) उतरतो, कक्षेनुसार थोडा कमी-जास्त.

आता आल्प्ससारख्या पर्वतात सक्रिय रॉक ग्लेशियर कुठे जास्त असतात? सावलीच्या उत्तर उतारांवर, कारण ऊन कमी आणि गोठण टिकते. म्हणजे जिथे हालचाल जास्त असण्याची शक्यता, नेमकी तिथेच रडारची नजर अधू. अशा जागांना 'हालचाल नाही' असं लेबल लावून वर्ग ओळखायला शिकणाऱ्या संगणकी मॉडेलला दिलं, तर मॉडेल शिकतं की उत्तर उतार म्हणजे निष्क्रियता. दिशेचा गुणांक उलटा आला की आपण हवामानाची स्पष्टीकरणं शोधत बसतो, आणि चूक असते लेबलात.

उपाय सोपा आहे, पण शिस्त लागते. असेंडिंग (उत्तरेकडे जाणारी) आणि डिसेंडिंग (दक्षिणेकडे जाणारी) दोन्ही कक्षा घ्या. प्रत्येक पॉलिगॉनसाठी (नकाशावर आखलेल्या रॉक ग्लेशियरच्या सीमेसाठी) उतार, दिशा आणि रडारचा कोन वापरून संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या वेगाचा किती हिस्सा रडारला दिसतो ते, काढा. ती फार कमी असेल तर लेबल 'अनिश्चित' ठेवा, शून्य नव्हे. समजा ती 0.2 असेल, तर 0.2 ने भागून वेग 'दुरुस्त' करण्याचा मोह टाळा. तसं केल्याने गोंगाटही पाचपट होतो. अशा जागी दोन वर्षांची बारीक रिझोल्यूशनची ऑप्टिकल चित्रं घेऊन धोंड्यांचा माग काढणं जास्त भरवशाचं.

वेगवान रॉक ग्लेशियर संथ का दिसतो?

सेंटिनेल-1 ची तरंगलांबी सुमारे 5.6 सेंटिमीटर. दृष्टिरेषेतल्या दर 2.8 सेंटिमीटर विस्थापनाला फेजचं (परतलेल्या लहरीच्या टप्प्याचं) एक पूर्ण चक्र होतं आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. समजा रॉक ग्लेशियर दृष्टिरेषेत वर्षाला 1 मीटर सरकतो. 12 दिवसांत तो 3.3 सेंटिमीटर जाईल. कडेला स्थिर खडकापासून हा फरक एकदम येत असेल, तर फेजमध्ये फक्त वरचा अर्धा सेंटिमीटर उरतो. वार्षिक हिशोब केला की वेग येतो सुमारे 15 सेंटिमीटर. याहून वाईट म्हणजे आकडा अगदी विश्वासार्ह दिसतो.

शेजारच्या दोन पिक्सेलमधला फरक तरंगलांबीच्या चौथ्या भागाहून, म्हणजे 1.4 सेंटिमीटरहून जास्त झाला की फेज अनरॅपिंगवर (फेजची पूर्ण चक्रं मोजून खरं विस्थापन काढण्यावर) विसंबू नका. 12 दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन रडार चित्रांच्या जोडीत ही मर्यादा वर्षाला सुमारे 43 सेंटिमीटरला येते. जलद हालचालीसाठी आलोस-2 सारखा एल-बँड (तरंगलांबी सुमारे 24 सेंटिमीटर) किंवा ऑप्टिकल ट्रॅकिंग घ्या. उलट, वर्षाला 5 सेंटिमीटर सरकणारा 12 दिवसांत दीड मिलिमीटरच जातो आणि वातावरणाच्या गोंगाटात हरवतो. त्याच्यासाठी एका उन्हाळ्याच्या अखेरीपासून पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंतची जोडी लागते. एकाच कालावधीच्या जोड्यांवर सगळे वर्ग ठरवणं इथेच फसतं.

कोहिरन्स घसरला म्हणजे रॉक ग्लेशियर हलला?

कोहिरन्स म्हणजे जोडीतली दोन रडार चित्रं एकमेकांशी किती जुळतात याचं माप. जलद हालचालीने कोहिरन्स घसरतो हे खरं. पण ओल्या बर्फानेही घसरतो, गवता-झुडपांनीही आणि ताज्या दरडीनेही. लेओव्हर (चित्रात उतार एकमेकांवर पडलेले भाग) आणि रडारच्या सावलीत तर आकड्याला अर्थच नसतो, ते भाग आधी वगळा. बर्फ वितळून गेलेल्या दिवसांच्याच जोड्या घ्या: उत्तर गोलार्धात साधारण ऑगस्ट-सप्टेंबर, अँडीजच्या बऱ्याच भागात फेब्रुवारी-मार्च. शेजारच्या स्थिर, उघड्या खडकाचा कोहिरन्स त्याच जोडीत तपासा. तोही पडला असेल तर दोष हालचालीचा नाही.

आणखी एक बारकावा. सेंटिनेल-1बी डिसेंबर 2021 मध्ये बंद पडला. त्याआधी युरोपात 6 दिवसांच्या जोड्या मिळत होत्या, नंतर काही वर्षं 12 दिवसांच्या. दोन्हींची सरासरी एकत्र काढली तर 2021 नंतर सगळा प्रदेश जास्त सक्रिय झाल्याचा आभास होतो.

पॉलिगॉनची सरासरी

लांबलचक पॉलिगॉनमध्ये अनेकदा वरची जीभ हलत असते आणि खालची जुनी थांबलेली असते. सरासरी काढली की 'संक्रमणातला' असं उत्तर येतं, आणि ते दोघींपैकी कुणाचंच नसतं. हलणारे भाग वेगळे आखा, मग एककं ठरवा. समोरचा खडा उतार सीमेत धरला आहे की नाही, हेही सगळ्या यादीत एकसारखं हवं.

मॉडेल फारच छान चाललं तर थांबा

एयूसी (मॉडेल वर्ग किती चांगले वेगळे करतं याचा गुण, जास्तीत जास्त 1) 0.95 च्या वर गेला की मी आधी लेबलं कशी तयार झाली ते बघतो. चित्र बघून 'झाडोरा आहे, म्हणून अवशिष्ट' असं लेबल लावलं असेल आणि एनडीव्हीआय (उपग्रहावरून काढलेला हिरवळीचा निर्देशांक) चल म्हणून घातला असेल, तर मॉडेलने निसर्ग ओळखलेला नाही, नकाशा काढणाऱ्याची सवय ओळखली आहे. हेच तोंडाच्या उताराबाबत. लेबल रूपावरून असेल तर मॉडेलमध्ये उंची, सौर किरणोत्सर्ग, वार्षिक सरासरी तापमान अशी चलं ठेवा. रूपाची चलं घालायची असतील तर लेबल वेगावरून घ्या.

दुसरी गळती जागेची. एकाच रॉक ग्लेशियरचे पिक्सेल प्रशिक्षणात आणि चाचणीतही आले की रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं मॉडेल) जवळपास पाठांतर करतो. चाचणीसाठी अख्खी दरी किंवा अख्खी पर्वतरांग बाजूला काढा. गुण घसरतील, पण नव्या दरीत मॉडेल कसं वागेल याचा अंदाज त्याच गुणांतून येतो.

असमतोलही पाहा. 100 पैकी 80 अवशिष्ट असतील, तर सरसकट 'अवशिष्ट' म्हणणारं मॉडेलही 80 टक्के अचूक ठरतं. प्रत्येक वर्गाची चूक वेगळी मांडा, आणि वर्ग ठरवताना संभाव्यतेचा 0.5 चा उंबरठा डोळे झाकून वापरू नका.

एका पर्वतरांगेतलं मॉडेल दुसरीकडे नेताना उंची हे चल सर्वात आधी दगा देतं, कारण 2,600 मीटरचा अर्थ अक्षांशाप्रमाणे बदलतो. तापमान आणि किरणोत्सर्ग त्यापेक्षा बरे.

रडार आणि मॉडेल भांडले तर

दोन उत्तरं जुळत नसतील तिथे सरासरी काढू नका; ती यादी वेगळी करून हाताने बघा. मॉडेल सक्रिय म्हणतं, रडार स्थिर: आधी संवेदनशीलता तपासा, मग उतार सपाट झाला आहे का किंवा वरून दगडांचा पुरवठा तुटला आहे का ते पाहा, कारण थंडी असूनही रॉक ग्लेशियर अशा कारणाने थांबू शकतो. रडार हालचाल दाखवतं, मॉडेल अवशिष्ट म्हणतं: ती भूस्खलनाची हालचाल आहे का ते तोंडाच्या आकारावरून ठरवा. सुरुवातीला सांगितलेल्या रॉक ग्लेशियरची संवेदनशीलता मी नंतर काढली, तेव्हा ती 0.17 आली. आता त्याच्यासमोर 'रडार: अनिश्चित, रूप: सक्रिय' अशी नोंद आहे.