पायांनी गिटार वाजवण्यासाठी तारा कशा लावाव्यात

१५ सप्टेंबर १९८७ रोजी लॉस एंजेलिस येथील तरुणांच्या मेळाव्यात टोनी मेलेंडेझ यांनी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर गिटारच्या साथीने भक्तिगीत गायले आणि ते संपताच पोप मंचावरून उतरून त्यांच्यापाशी गेले. १९६२ साली निकाराग्वात जन्मलेल्या मेलेंडेझ यांना, आईने गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे, जन्मतःच दोन्ही हात नाहीत. दहाव्या वर्षापर्यंत वापरलेले कृत्रिम हात त्यांनी सोडून दिले आणि पुढे गिटार जमिनीवर आडवी ठेवून ते पायांच्या बोटांनी वाजवू लागले. लोक त्यांच्या जिद्दीचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे, पण त्यांच्या तारांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या गिटारवर प्रत्येक कॉर्डसाठी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटासाठी, तीन-चार बोटे वेगवेगळ्या जागी दाबावी लागतात, तर मेलेंडेझ यांच्याप्रमाणे खुल्या कॉर्डमध्ये तारा लावल्या की काहीही न दाबता सहाही तारा एकच कॉर्ड देतात.

शिकणाऱ्याने ‘ओपन डी’पासून, म्हणजे खुल्या तारांवर डी कॉर्ड देणाऱ्या जुळणीपासून, सुरुवात करावी. सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार एक पूर्ण स्वर उतरवावी, पाचवी आणि चौथी तशीच ठेवावी, तिसरी अर्धा स्वर आणि दुसरी व पहिली एकेक पूर्ण स्वर उतरवावी. कोणतीही तार चढवावी लागत नसल्याने ती तुटण्याची भीती राहत नाही. आता पांढरी दोनचा (म्हणजे डी स्वराचा) षड्ज धरला तर जाड तारेपासून क्रमाने सा, प, सा, ग, प, सा असे स्वर ऐकू येतील. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हा मेळ लगेच ओळखीचा वाटतो. तिसऱ्या तारेवरचा गंधार मात्र पुन्हा पुन्हा तपासावा, कारण तो किंचित चढला तरी सगळी साथ बेसूर होते.

गिटार जमिनीवर घसरू नये म्हणून तिच्याखाली रबरी चटई घालावी, गिटारच्या मानेखाली घडी केलेली चादर द्यावी आणि टाच अधांतरी राहू नये म्हणून तिच्याखाली गिटारच्या जाडीइतका उंच पाट ठेवावा. टाच टेकलेली नसेल तर पोटरीत लवकर पेटके येतात. एका पायाच्या अंगठ्याने तारा छेडाव्यात. दुसऱ्या पायाचा अंगठा सहाही तारांवर आडवा दाबणे नवशिक्याला जड जाते, म्हणून अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यात गुळगुळीत पोलादी दांडी धरावी. हवाईन गिटारप्रमाणे ही दांडी फ्रेटच्या, म्हणजे मानेवरील आडव्या धातूच्या, पट्टीच्या बरोबर वर, तारांना नुसती टेकवून ठेवायची असते. जोर दिला तर तार पट्टीवर आपटून खरखरते. त्यासाठी नटवर (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीवर) उंची वाढवणारी पट्टी बसवून घेतल्यास तारा पुरेशा वर राहतात.

दांडी पाचव्या फ्रेटवर नेली की मध्यमाची आणि सातव्यावर नेली की पंचमाची कॉर्ड मिळते. खुल्या तारांसह या तीन जागांवर साध्या चालीची पुष्कळ भक्तिगीते बसतात. मायनर कॉर्ड (जिच्या मूळ स्वरापासूनचा गंधार कोमल असतो) आली तर दांडी नवव्या किंवा दुसऱ्या फ्रेटवर ठेवून फक्त सहावी, पाचवी आणि चौथी तार छेडावी. या तीन तारांत गंधार नसल्यामुळे कोमल-शुद्धाचा प्रश्न उरत नाही आणि तो स्वर गाणाऱ्याचा गळा पुरवतो.