मुलांसोबत उंच वाफ्यात भाजी लावताय? मग या चुका टाळा

रेझ्ड बेड म्हणजे उंच वाफा करायचं ठरलं की घरात सगळ्यात जास्त उड्या मुलं मारतात आणि महिन्याभरात सगळ्यात आधी कंटाळतात पण तीच, मग मोठी माणसं म्हणणार की हल्लीच्या मुलांना पेशन्सच नाही. मला हे काही पटत नाही. बहुतेक वेळा गडबड मुलांत नसते, वाफ्यात असते. रुंदी मोठ्यांच्या हाताच्या मापाची, झारी मोठ्यांना पेलेल अशी, भाज्या मोठ्यांनी निवडलेल्या, आणि मुलांच्या वाट्याला काय तर उरलेली जागा आणि सूचना. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी इथूनच येतात.

जागा आणि माप

"हा कोपरा तुझा" म्हणून मुलाला जो कोपरा मिळतो तो हमखास भिंतीच्या सावलीतला असतो, जिथे मोठ्यांचंही आजवर काही उगवलेलं नसतं. टोमॅटो, काकडी, वांगी, घेवडा यांना दिवसाला किमान 6 तास थेट ऊन लागतं. 3-4 तास ऊन असेल तर पालक-मेथीसारख्या पालेभाज्या येतात, बाकी सगळं नुसतं उंच, फिकट आणि लुळं वाढतं. उलटं करा, सगळ्यात चांगली जागा मुलांना द्या, तुम्ही सावलीत काय येतं ते बघा, तुम्हाला तेवढा धीर आहे.

रुंदीचं तर विचारूच नका. कुठेही बघा, वाफा 4 फूट म्हणजे साधारण 120 सेंमी रुंद करा असं सांगितलेलं असतं, कारण मोठ्या माणसाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हात जेमतेम 40-45 सेंमी जातो. मग ते काय करणार, सरळ वाफ्यात पाय ठेवणार, आणि आपण मागून ओरडणार. माती तुडवली गेली की तिच्यातली हवा जाते, पाणी मुरायच्या ऐवजी वर साचतं, मुळं पसरत नाहीत, म्हणजे उंच वाफा केल्याचा सगळा फायदाच गेला. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर 75 ते 90 सेंमी रुंदी ठेवा, भिंतीला लागून असेल तर 45 च्या वर जाऊ नका. लांबी फार ठेवली की मुलं वळसा घालत नाहीत, वरून उडी मारतात, त्यामुळे 2 मीटरच्या आसपास बरी. आणि उंची 25-30 सेंमी पुरे, कंबरेइतका उंच वाफा फोटोत छान दिसतो पण लहान मुलाला आतलं काहीच दिसत नाही.

वाफ्याची चौकट कशाची करताय तेही बघा. जुने लाकडी रेल्वे स्लीपर क्रिओसोटमध्ये, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरतात त्या विषारी डांबरी तेलात बुडवलेले असतात, जुन्या रंगाच्या दारं-फळ्यांवर शिसं असू शकतं, आणि जुन्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक. मुलांचे हात मातीतून थेट तोंडात जातात, सो इथे काटकसर नको. साधं प्रक्रिया न केलेलं लाकूड काही वर्षांत कुजतं, कुजू दे. पत्रा वापरलात तर वरची धार दुमडून घ्या.

माती: इथेच सगळ्यात जास्त फसतात

आधी हिशोब करा. 2 मीटर लांब, 90 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल वाफ्याला 540 लिटर माती लागते. लोक चार पिशव्या आणतात, वाफा अर्धा पण भरत नाही, मग उरलेल्यात अंगणातली चिकणमाती ढकलतात आणि पहिल्या दोन पाण्यात तिचा दगड होतो. साधारण निम्मी चांगली बागेतली माती, तिसरा हिस्सा नीट कुजलेलं कंपोस्ट, बाकी कोकोपीटसारखं (नारळाच्या काथ्याचा भुसा) भुसभुशीत काहीतरी, एवढं साधं गणित पुरतं. भरल्यावर माती खाली बसणारच, घाबरू नका, वरून भर घाला.

तळाला खडी टाकली की पाणी लवकर निघून जातं हा गैरसमज आहे. बारीक मातीतलं पाणी खडीच्या थरापाशी येऊन अडतं आणि मुळांची जागा ओली राहते, शिवाय खोली कमी होते ती वेगळीच. तळाला प्लास्टिक तर नकोच नको. गवतावर वाफा करत असाल तर टेप काढलेला साधा पुठ्ठा अंथरा, गवत दबतं आणि पुठ्ठा हळूहळू कुजून जातो.

ताजं शेण किंवा कोंबडीखत मुलांच्या वाफ्यात घालू नका. रोपं जळतातच, पण त्यापेक्षा त्यातल्या जंतूंचा प्रश्न मोठा. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी कच्चं खत आणि काढणी यांच्यात 120 दिवसांचं अंतर सांगितलंय, यावरून काय ते समजा. पूर्ण कुजलेलं, वास न येणारं खतच घ्या. मांजरं वाफ्याचा संडास करतात, तेव्हा पेरणी झाली की जाळी टाका, आणि काम संपलं की साबणाने हात, यात सूट नाही.

बी पेरणं आणि उकरून बघणं

मुलाच्या हातात मुळ्याच्या बियांचं पाकीट दिलं की ते एकाच खड्ड्यात रिकामं होतं. साहजिक आहे. म्हणून सुरुवात मोठ्या बियांपासून करा, घेवडा, वाटाणा, भोपळा, सूर्यफूल, म्हणजे एक खड्डा एक बी हे जमतं. खोलीचा नियम सोपा, बी जेवढं जाड त्याच्या दुप्पट-तिप्पट. बारीक बी असेल तर कोरड्या वाळूत मिसळून पेरायला द्या. आणि तरीही दाट उगवलं तर विरळणी करावीच लागते, मुळ्याच्या दोन रोपांत 5 सेंमी तरी हवेत. पण उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात, बोथट टोकाच्या कात्रीने जमिनीलगत कापा. कापलेली कोवळी पानं धुवून खाता येतात, त्यामुळे "मारली का" हा प्रश्न जरा सुसह्य होतो.

दुसरी चूक म्हणजे गाजर किंवा मिरचीने सुरुवात करणं. गाजर उगवायलाच दोन-तीन आठवडे घेतं, मिरचीचंही तसंच, तोपर्यंत मुलाने तीनदा माती उकरून झालेली असते. मुळा 3 ते 6 दिवसांत वर येतो आणि महिन्याभरात खायला मिळतो, तो आधी लावा आणि बाजूला लांब पल्ल्याचं काय ते. उकरून बघायची सवय मोडायची असेल तर काचेच्या ग्लासात आतून ओला टिश्यू लावा आणि काच व टिश्यूच्या मध्ये घेवड्याचं बी अडकवा. आधी बी फुगतं, साल सुरकुततं, मग एका कडेने पांढरं मूळ खाली वळतं आणि त्यानंतर वाकलेली मान वर येते. मातीच्या आत आत्ता काय चाललंय ते मुलाला समोर दिसतं, मग बोट घालायची गरज राहत नाही.

लेबलं मार्करने लिहू नका, उन्हात उडतात. पेन्सिलने लिहिलेलं जास्त टिकतं.

पाणी

मुलांना पाणी घालायला प्रचंड आवडतं आणि म्हणूनच रोपं जास्त करून पाण्यानेच मरतात. गंमत अशी की उंच वाफा जमिनीपेक्षा लवकर सुकतो पण, म्हणजे कधी चिखल कधी वाळवंट. घड्याळ लावून पाणी घालण्यापेक्षा बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच झारी, आणि हे बोट घालायचं काम मुलाचं, निकाल त्यानेच सांगायचा. झारी 1 ते 2 लिटरची, बारीक भोकांची द्या, मोठी दिली की धार एका जागी पडून बी वाहून जातं. पाणी सकाळी आणि बुंध्याशी. वर वाळलेलं गवत-पानं अंथरली की ओल टिकते.

भर दुपारी पानं मान टाकतात ते बघून लगेच पाणी ओतू नका, संध्याकाळी बघा, पुन्हा ताठ झाली असतील तर तहान नव्हती, ऊन होतं. सकाळीसुद्धा लुळी असतील तर बोट घाला. माती कोरडी असेल तर पाणी, ओली असूनही रोप लुळं असेल तर मुळं कुजतायत, पाणी बंद.

आता बिघडलंच आहे तर

उगवलेली रोपं बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडली तर ती बुरशी, दाट पेरणी आणि सततच्या ओलीमुळे होते. ती वाचत नाहीत, काढून टाका, थोडं कोरडं होऊ द्या, पुन्हा विरळ पेरा.

टोमॅटोच्या बुडाशी काळा, खोलगट चट्टा आला की लोक अंड्याची टरफलं घालतात. टरफलं विरघळायला खूप काळ जातो, आणि बऱ्याचदा मातीत कॅल्शियम असतंच, पाणी कधी भरपूर कधी नाहीच असं झाल्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. पाणी एकसारखं करा, पुढची फळं नीट येतात.

मुळ्याला नुसता पाला आणि खाली दोरा? दाटी, सावली किंवा जास्त नत्र. खत वाढवू नका प्लीज.

भोपळ्याला फुलं येतात आणि गळतात, तर पहिली फुलं बहुधा नरच असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बाळभोपळा दिसतो, तो पिवळा पडून गळत असेल तर परागीभवन होत नाहीये. लाल भोपळ्याचं नर फूल सकाळी तोडा, पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच घासा. दुधी मात्र संध्याकाळी फुलतो, त्याचं काम संध्याकाळी. मुलांना यापेक्षा भारी काम मी तरी पाहिलेलं नाही, घासलेल्या फुलाला दोरा बांधून ठेवा म्हणजे कोणतं फळ आपण केलं ते कळतं.

मावा, म्हणजे पानांमागे घोळक्याने बसून रस शोषणारे बारीक किडे, पडला तर पानाच्या मागे पाण्याची जोरदार धार, दोन-तीन दिवस, एवढ्याने बराच जातो. फवारणीची घाई नको, मुलं येताजाता पान तोडून तोंडात टाकतात. मावा असतो तिथेच कधीकधी काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली, छोट्या मगरीसारखी अळी फिरते, ती लेडीबगची पिल्लं, माव्यावर जगणारी. घाबरून सगळ्यात आधी हीच चिरडली जाते. मुलांना आधी हिची ओळख करून द्या, शत्रूंची नंतर. आणि एक, टोमॅटो-बटाट्याची पानं खायची नसतात, हे पहिल्याच दिवशी सांगा.

मोठ्यांची लुडबुड

मूल झोपल्यावर त्याची वाकडी ओळ सरळ करणं, मेलेलं रोप गुपचूप बदलणं, हे मुलांना बरोबर कळतं आणि मग ती तिकडे फिरकत नाहीत. वाकडी ओळ असू दे. रोप मेलं तर उपटून मुळं बघायला द्या. काम पण "बागेत मदत कर" असं मोघम नको, "आज घेवड्याच्या शेंगा तोड" असं सांगा. शेंगा वेळेवर तोडल्या की वेल आणखी धरतो, जून होऊ दिल्या की थांबतो.

हंगाम संपला की माती बसलेली असेल, 3-5 सेंमी कंपोस्टची भर घाला. मुलांना पुन्हा त्याच जागी टोमॅटोच हवा असतो, तिथे वाद होतो. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एकाच कुळातले, लागोपाठ तिथेच लावले तर मातीतले रोग वाढतात. त्या जागी घेवडा जाऊ दे आणि टोमॅटोचा हट्ट फारच असेल तर 20 लिटरच्या कुंडीत नवी माती भरून तो उन्हात ठेवा.