पिल्लाला घराबाहेर शी-शू करण्याची सवय कशी लावावी

दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणले की तासाभरात फरशीवर पहिले तळे साचते. वास्तविक जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यापासूनच पिल्लू निजण्याची जागा सोडून विधी उरकू लागते. अडचण एवढीच की, आपले सगळे घर हे निजण्याच्या जागेसारखेच आहे, हे त्याच्या गावी नसते.

प्रथम जागा ठरवावी. साताऱ्यात शाहूपुरीकडे बैठे घर असेल तर अंगणाचा एक कोपरा पुरेसा होतो; सदर बाजारात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीत किंवा बाल्कनीत माती भरलेला उथळ ट्रे ठेवावा. लसींचे सर्व डोस साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात आणि तोवर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोका असल्याने, भटकी कुत्री फिरतात त्या रस्त्यावर पिल्लाला उतरवू नये. पायाखाली जे लागते त्याचीच सवय या वयात जडते, म्हणून रद्दी पसरण्याचा सोपा मार्ग मला पसंत नाही. पुढे आजोबांनी खाली ठेवलेला ताजा पेपरही त्या पिल्लाला योग्यच जागा वाटतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तर त्याला अंगण आणि घर यांतला फरकच कळत नाही, त्यामुळे तिथे जास्त लक्ष ठेवावे लागते.

त्यानंतर वेळा बांधाव्यात. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी पिल्लाला नेलेच पाहिजे. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवून येईल तितके तास ही त्याच्या धीराची कमाल मर्यादा समजावी. दिवसा मात्र दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी, जमल्यास त्याहीआधी न्यावे आणि मध्यरात्रीचा एक गजर काही आठवडे तरी सोसावा.

जागेवर नेल्यावर त्याच्याशी खेळू नये. गप्प उभे राहून ‘शू कर’ असा एकच शब्दप्रयोग घरातल्या प्रत्येकाने वापरावा, आणि काम होताच तिथल्या तिथे उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा द्यावा. स्वयंपाकघरात परतल्यावर दिलेले बक्षीस हे परत आल्याबद्दल आहे, असेच पिल्लू समजते. काम झाले की लगेच आतही आणू नये, अन्यथा बाहेरची मजा लांबवण्यासाठी ते शू रोखून धरायला शिकते.

घरात असताना ते नजरेआड होऊ देऊ नये. फरशी हुंगत गोल फिरू लागले की उचलून बाहेर न्यावे. तरीही चूक झालीच तर नाक त्यात घासणे किंवा चापटी मारणे हे निव्वळ निरुपयोगी आहे, कारण त्यातून ते फक्त माणसापासून लपून, पलंगाखाली शी करायला शिकते. डाग एन्झाइम (वासाचे मूळ घटक मोडणारे पदार्थ) असलेल्या द्रावणाने पुसावा. फिनेलने आपल्याला वास येईनासा होतो, कुत्र्याला तो येतच राहतो. शिवाय ओल्या फिनेलवरून चालून पंजे चाटणे पिल्लाला अपायकारक असते.

आपल्याकडे पिल्लाला दूध-भाकरी घालण्याची पद्धत जुनी आहे. परंतु आईपासून तुटलेल्या बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही, जुलाब होतात आणि बांधलेल्या वेळा कोलमडतात. दिवसातून तीन-चार वेळा ठरावीक वेळी खाणे द्यावे आणि उरलेले उचलून ठेवावे. पाणी मात्र कधीही तोडू नये.

जुलैतल्या साताऱ्याच्या झडीत पिल्लू उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायला तयार होत नाही. अशा दिवसांसाठी पत्र्याखालचा एक कोरडा कोपरा पावसाळ्याआधीच राखून ठेवावा.

सवय पक्की होण्यास सहा महिन्यांचे वय उजाडू शकते. पाहुणे येताच आनंदाने थोडी शू होते, ती चूक मानू नये. परंतु शिकलेले पिल्लू अचानक वारंवार थेंब-थेंब शू करू लागले, तर शिकवणीत दोष न शोधता त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे, कारण मूत्रमार्गाचा संसर्ग असण्याची शक्यता असते.