प्रत्येक 'गेट'ला साऽदा नको: फिनिश शिकताना या चुका टाळा

फिनलंडमधल्या एस्पो किंवा हेलसिंकीत येऊन सहा-आठ महिने झालेल्या मराठी माणसाचं फिनिश ऐकलं की एकच क्रियापद सारखं कानावर येतं: साऽदा, म्हणजे 'मिळणं'. बस पकडली तरी साऽदा, मुलाला आणलं तरी साऽदा, राग आला तरी साऽदा, विनोद कळला तरी साऽदाच. कारण उघड आहे. डोक्यात इंग्रजी 'गेट' घोळत असतो, दाराचा गेट नव्हे, 'आय गेट, यू गेट'मधला. शब्दकोशात त्याच्यासमोर पहिला शब्द साऽदा असतो आणि घाईतला माणूस दुसऱ्या ओळीपर्यंत जातच नाही.

वाईट याचं वाटतं की मराठी माणसानं ही चूक करायचं काही कारण नाही. मराठीत 'गेट'ला एक शब्द नाहीच. पत्र मिळतं, मुलाला शाळेतून आणतात, घरी पोहोचतात, राग येतो, विनोद कळतो, बसमध्ये चढतात, गाडी दुरुस्त करून घेतात. फिनिशमध्येही ही कामं वेगवेगळ्या क्रियापदांकडे आहेत आणि फाटे बहुतेक मराठीसारखेच फुटतात. मराठीतून थेट फिनिशमध्ये जायचं सोडून मधे इंग्रजीच्या स्टेशनावर उतरलं, की हे फाटे पुसले जातात.

उच्चारांबद्दल एवढंच: इथे ऽ दिसला की आधीचा स्वर लांबवा, ॅ म्हणजे 'बॅट'मधला स्वर, नुसता आ असेल तर तो आखूड, आणि जोडाक्षरावर खरोखर थांबा. हे थांबणं टाळणाऱ्याचं फिनिश कुणाला कळत नाही.

मूल 'आणायचं' आहे की 'व्हायचं' आहे?

ही चूक सर्वांत महागात पडते, म्हणून आधी. ऑफिसात नव्यानं रुजू झालेली एक मराठी मुलगी. मीटिंग लांबलेली, पाळणाघर पाचला बंद होणार. ती उठली आणि धीर करून फिनिशमध्ये म्हणाली: 'मिनुन पितॅऽ साऽदा लाप्सि.' तिला म्हणायचं होतं, 'मला मुलाला आणायला जायचंय.' ऐकणाऱ्यांना कळलं, 'मला मूल व्हायलाच हवं.' फिनिश माणसं मधेच कुणाची चूक काढत नाहीत. सगळे गप्प. शेवटी एकीनं इंग्रजीत जपून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. त्यानंतर त्या मुलीनं कितीतरी दिवस ऑफिसात फिनिशचा एक शब्द काढला नाही. खरं नुकसान ते.

'साऽन लाप्सेन' म्हणजे 'मला मूल होणार आहे', दुसरं काही नाही. जाऊन घेऊन येणं यासाठी क्रियापद आहे हाकेआ. 'हाएन लाप्सेन पॅइवॅकोदिस्ता नेल्यॅल्तॅ': चार वाजता मुलाला पाळणाघरातून आणतो. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, 'मी'च्या रूपात क गळतो: हाकेआ, पण हाएन, भूतकाळात हाइन. 'हाकेन' असं रूप नाही. दुसरं, 'पितॅऽ' (हवं, लागतं) आलं की कर्माचा शेवटचा न जातो आणि ते मूळ रूपात येतं: 'हाएन लाप्सेन', पण 'मिनुन पितॅऽ हाकेआ लाप्सि'. त्या मुलीनं हा दुसरा नियम बरोबर पाळला होता. व्याकरण पक्कं होतं, क्रियापद चुकलं.

हाच हाकेआ अर्ज करण्यासाठीही लागतो, फक्त कर्माचं रूप बदलतं. 'हाएन पाइक्काऽ' म्हणजे जागेसाठी अर्ज करतोय, 'साइन पाइकान' म्हणजे जागा मिळाली. अर्ज केलाय एवढंच सांगायचं असताना 'साइन' म्हणून बसलात, तर लोक अभिनंदन करायला येतील.

पोहोचलो की अडकलो

इंग्रजीत तुरुंगात जाणंही 'गेट' आणि हव्या त्या कॉलेजात जाणंही 'गेट'. फिनिश इथे अजिबात तडजोड करत नाही. जिथे जायची इच्छा होती तिथे जाता आलं, तर पॅऽस्तॅ. मनाविरुद्ध जावं लागलं, तर योउतुआ. मराठीतही आपण 'प्रवेश मिळाला' आणि 'भरती करावं लागलं' असा फरक करतो, म्हणून हे कान देऊन ऐकलं तर लवकर बसतं.

'पॅऽसिन कुर्स्सिल्ले': कोर्सला जागा मिळाली. 'पॅऽसिन कोतीन': घरी पोहोचलो, एकदाचा. 'योउदुइन ओदोत्तामाऽन': थांबावं लागलं. आता मुलाला हॉस्पिटलात ठेवावं लागलं, हे पाळणाघराला कळवायचं आहे. बरोबर वाक्य: 'पोइका योउतुइ साइराऽलाऽन.' त्याऐवजी 'पॅऽसि साइराऽलाऽन' लिहिलंत, तर खटपट करून एकदाची खाट मिळाली असं वाटतं. आणि घाईत शेवट चुकून 'पॅऽसि साइराऽलास्ता' झालं, तर अर्थच उलटतो: मुलाला हॉस्पिटलातून घरी सोडलं. पाळणाघरातली बाई 'छान झालं' असं उत्तर पाठवते आणि इकडे आईबाप हॉस्पिटलच्या बाकावर बसून ते वाचतात. -आऽन म्हणजे आत, -स्ता म्हणजे आतून बाहेर. निरोप पाठवण्याआधी फक्त शब्दाचा शेवट पुन्हा वाचायचा. दहा सेकंदांचं काम आहे आणि ते टाळण्याइतकी घाई कुणालाच नसते.

'रागावलेला मिळालो'

'साऽन विहाइनेन' हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येतं. साऽन म्हणजे मिळतं, विहाइनेन म्हणजे रागावलेला. जोडून काहीच होत नाही. स्थिती बदलण्यासाठी फिनिशमध्ये बहुधा स्वतंत्र क्रियापद असतं, जसं मराठीत चिडणं, भिजणं, सरावणं असतं. सूत्तुआ म्हणजे चिडणं (सूतुन, सूतुइन). कास्तुआ म्हणजे भिजणं (कास्तुन, कास्तुइन). साइरास्तुआ आजारी पडणं, वान्हेता म्हातारं होणं, पिमेतॅ अंधारणं. तोत्तुआ म्हणजे सवय होणं: 'तोतुइन पिमेॲऽन', अंधाराची सवय झाली. डिसेंबरात हेलसिंकीत तीनच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे हे वाक्य लागतंच.

स्वतंत्र क्रियापद आठवलं नाही, तर तुल्ला (येणं, होणं) आणि विशेषणाला -क्सि: 'तुलिन किपेॲक्सि', आजारी पडलो. चालतं, कळतं. पण याला कायमची कुबडी करू नका. 'तुलिन विहाइसेक्सि' म्हणणारा माणूस वर्षानुवर्षं तिथेच अडकतो, कारण काम भागलं की पुढचा शब्द शिकायची गरजच वाटत नाही.

कुणी डॉक्टर झाला, शिक्षक झाला, असं सांगताना रचना वेगळी: 'हॅनेस्तॅ तुलि लॅऽकॅरि'. शब्दशः 'त्याच्यातून डॉक्टर झाला'. हे विचित्र वाटत असेल तर 'दुधाचं दही झालं' आठवा. दही झालं, पण कशाचं? दुधाचं. तसंच कुणातून? त्याच्यातून. फिनिशमध्ये 'माइदोस्ता तुलि पीमॅऽ' म्हणतात, दुधाचं पीमॅ झालं. पीमॅ म्हणजे ताकासारखं आंबवलेलं दूध. माणूस असो वा दूध, मूळ वस्तूला -स्ता किंवा -स्तॅ. आणि तुलि नेहमी 'तो'च्या एकवचनी रूपातच राहतं. 'मिनुस्ता तुलि ओपेत्ताया', मी शिक्षक झालो. इथे 'तुलिन' घालायचं नाही.

साऽदा जिथे खरोखर हवा

सगळीकडून हाकलला म्हणून साऽदाला घाबरू नका. मराठी 'मिळणे' जिथे देणाऱ्याकडून येतं, तिथे तो चपखल बसतो: 'साइन राहाऽ ॲइदिल्तॅ', आईकडून पैसे मिळाले. -ल्ता किंवा -ल्तॅ म्हणजे आपलं 'कडून'. दुकानात मागताना 'साइसिन्को काह्विन?' म्हणजे हुबेहूब 'एक कॉफी मिळेल का?' परवानगीही याच क्रियापदानं: 'साऽको तॅस्सॅ कुवाता?' इथे फोटो काढले तर चालतील का? 'एइ साऽ' असं उत्तर आलं तर कॅमेरा आत.

एक फरक मात्र पक्का डोक्यात ठेवा. मराठीत 'मला पत्र मिळालं', म्हणजे पत्र कर्ता. फिनिशमध्ये कर्ता मी: 'साइन किर्येऽन'. नकारात कर्माचं रूप बदलतं: 'एन साऽनुत किर्येत्तॅ'. 'मिनुल्ले साइ' अशी मराठी वळणाची रचना करून बसू नका.

मराठीही जिथे फसवते

थेट मराठीतून जा असं म्हटलं, तरी डोळे मिटून नाही. 'मला बस मिळाली' म्हणून 'साइन बुस्सिन' म्हणालात, तर कुणीतरी तुम्हाला अख्खी बस दिली. वेळेत गाठली यासाठी 'एह्दिन बुस्सीन'. बसमध्ये चढणं 'नोउस्ता बुस्सीन', उतरणं 'यॅऽदॅ पोइस बुस्सिस्ता'. या शेवटच्यात यॅऽदॅ म्हणजे राहणं. बस पुढे जाते, तुम्ही मागे राहता. लक्षात ठेवायला हे चित्र पुरे.

'कोथिंबीर कुठे मिळते?' यातला 'कुठे' फिनिशमध्ये 'कुठून' होतो: 'मिस्तॅ साऽ कोरिआन्तेरिआ?' मिस्सॅ नाही, मिस्तॅ. दुकानातून घेतलं म्हणजे 'काउपास्ता'. आपण 'दुकानात मिळालं' आणि 'दुकानातून आणलं' दोन्ही म्हणतो. फिनिशमध्ये नेहमी दुसरं.

एका ओळीत संपणाऱ्या चुका

'आय गॉट इट' साठी 'साइन सेन' नको, ते 'ती वस्तू मिळाली' होतं; कळलं यासाठी 'तायुसिन'.

अक्षर लागत नाही किंवा बोलणं नीट ऐकू येत नाही: 'एन साऽ सेल्वॅऽ'. इथे साऽदा चालतो.

लग्न 'मिळत' नाही, 'मेन्नॅ नाइमिसीन'.

'आय हॅव गॉट' म्हणजे 'मिनुल्ला ओन', आपलं 'माझ्याकडे आहे'. 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे 'मिनुन पितॅऽ मेन्नॅ', आपलं 'मला जायला हवं'. दोन्हीकडे कर्ता 'मी' नाही, त्यामुळे मराठी माणसाला हे सोपं जायला हवं.

खटपट करून किंवा पैसे देऊन मिळवणं म्हणजे हान्क्किआ, 'मी'च्या रूपात एकच क: हान्किन.

गाडी स्वतः दुरुस्त केली तर 'कोर्यासिन आउतोन', गॅरेजमधून करून घेतली तर 'कोर्याउतिन आउतोन'. किल्ली बनवून घेतली: 'तेऽतिन आवाइमेन'. 'करणे' आणि 'करून घेणे' यात मराठी माणूस कधी गोंधळत नाही, मग इथे गोंधळायचं कारण नाही.

वहीचं काय करायचं

'गेट'चे पंधरा अर्थ आणि पंधरा फिनिश शब्द अशी यादी फ्रिजवर चिकटवून काही होत नाही. यादी पाठ होते, बोलताना मात्र पहिलाच शब्द तोंडात येतो. सवय लावायची असेल तर दोन रकान्यांची वही करा: डावीकडे मराठीचं अख्खं वाक्य, उजवीकडे फिनिशचं. इंग्रजीला तिसरा रकाना नाही. क्रियापदाखाली चार गोष्टी लिहा: मूळ रूप, 'मी'चं वर्तमान, 'मी'चा भूतकाळ आणि पुढच्या नामाचा शेवट. हाकेआ, हाएन, हाइन, -स्ता. पॅऽस्तॅ, पॅऽसेन, पॅऽसिन, -आऽन. एका दिवसाला एकच क्रियापद, आणि तेही त्या दिवशी खऱ्या कामासाठी वापरलेलं. पहिल्याच आठवड्यात तीस शब्द उरकणाऱ्यांच्या वह्या महिन्याभरात बंद पडतात.

नागरिकत्वासाठी राष्ट्रीय भाषापरीक्षा यूकी देणार असाल आणि किमान 3 ही पातळी हवी असेल, तर आधी हीच आठ-दहा क्रियापदं घट्ट करा. निरोप लिहिणं, वेळ बदलून मागणं, आजारी असल्याचं कळवणं, रोजच्या अशा लिखाणात तीच पुन्हापुन्हा लागतात. सुरुवात हाकेआपासून करा, कारण मुलाला आणायला उद्याही जायचंच आहे.