फौजी आबांचं आयुष्य लिहून ठेवायचंय? मग आजीलाही बोलतं करा

ज्यांच्या घरात १९६२, ६५ किंवा ७१ ची लढाई पाहिलेला माणूस आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि मनापासून सांगतो की फार दिवस ढकलू नका. ७१ साली जो वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता तो आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे, ६२ वाले तर त्याच्याही कितीतरी पुढे. धुळे जळगाव नंदुरबार कुठंही जा, गावात एखाद-दोन असे फौजी आबा नाहीतर जिभाऊ असतातच, आणि ते गेले की दशक्रिया-गंधमुक्तीच्या पत्रिकेत नावापुढे "माजी सैनिक" छापलं जातं आणि तेवढ्यावर सगळं आटपतं. आता हिशोब बघा, साठ वर्षांचा संसार, त्यात फौजेची पंधरा-सतरा वर्षं, आणि त्यात ७१ ची उघड लढाई ३ ते १६ डिसेंबर म्हणजे १४ दिवस. आपण विचारतो ते त्या १४ दिवसांचंच. लढाई लिहायचीच, पण नवरा म्हणून तो माणूस कसा जगला तेही तितक्याच बारकाईने लिहायला पाहिजे असं मला वाटतं.

सुरुवात कशी करायची तर मोबाईल समोर धरून "आबा, लढाईचं सांगा ना" असं अजिबात म्हणू नका, बहुतेक फौजी गप्प बसतात नाहीतर दोन वाक्यांत विषय मिटवतात. आर्मी नंबर विचारा. सकाळची गोळी घेतली का ते आठवणार नाही पण नंबर झोपेतून उठवून विचारला तरी घडाघडा सांगतील. नंबरवरून पलटण निघते, पलटणीवरून ट्रेनिंग सेंटर, म्हणजे मराठा लाईट इन्फन्ट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, तोफखाना असेल तर नाशिकरोड, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी. मग हळूच पुढे जायचं, भरतीला कोणाबरोबर गेले, गाडी भुसावळला धरली की चाळीसगावला, ट्रंकेत घरून काय दिलं होतं, लंगरच्या रोट्या खाताना कळण्याची भाकर आठवायची का. खाण्याचा विषय निघाला की माणूस मोकळा होतो आणि मग लढाईचं आपोआप येतं, आपण मध्ये बोलायचं नाही. एखाद्या ठिकाणी थांबले, डोळे भरले, तर तिथं खोदायचं नाही, चहा ठेवायला सांगायचं आणि विषय बदलायचा. त्यांनी जे सांगितलं नाही ते त्यांचं.

रेकॉर्डिंग अर्ध्या-पाऊण तासाच्या वर नेऊ नका, दम लागतो. रोजची फाईल वेगळी सेव्ह करा आणि नावात तारीख टाका. अहिराणीत बोलत असतील तर अहिराणीतच राहू द्या, लिहितानाही त्यांची वाक्यं तशीच ठेवा, पुस्तकी मराठीत आणली की माणूसच हरवतो त्यातून.

कागदांचं आता नीट ऐका. सगळ्यात आधी डिस्चार्ज बुक शोधा, भरतीची तारीख, रिटायरमेंटची तारीख, हुद्दा, मेडल हे सगळं त्यात असतं. आबांनी सांगितलेल्या गोष्टी त्या तारखांशी ताडून बघा, ६५ ची शस्त्रसंधी २३ सप्टेंबरची, ६२ ची लढाई २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर, एवढं समोर असलं की गोंधळ होत नाही. पुष्कळ आबा सांगतात की "लढाई संपली तरी वर्षभर बॉर्डरवरच होतो" आणि घरच्यांना वाटतं वयामुळे घोळ होतोय, पण ते बरोबर असू शकतं, कारण ७१ ची लढाई थांबली तरी सिमला करार झाला २ जुलै १९७२ ला आणि फौजा मागे घेणं डिसेंबर ७२ पर्यंत चाललं. जन्मतारीख १ जून दिसली तर ती शाळेच्या मास्तरांनी टाकलेली असायची शक्यता जास्त, तेव्हा श्रावणातल्या कानबाईच्या आगेमागे जन्म का आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या), ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वेगळं लिहून ठेवा.

मेडल डब्यात असतील तर पितांबरीने घासू नका, प्लीज. कडेला नाहीतर मागच्या बाजूला नंबर आणि नाव कोरलेलं असतं, घासून घासून तेच जातं. कोरड्या मऊ कपड्याने पुसा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल ६५ चे, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ७१ चे. स्टार असेल तर माणूस लढाईच्या भागात होता असं समजा, रक्षा आणि संग्राम मेडल त्या काळात नोकरीत असलेल्या पुष्कळ जणांना मिळालेत.

आता आजी. आजीला वेगळं बसवा, आबा समोर नकोत, कारण ते असले की ती "त्यांनाच विचार" म्हणून मोकळी होते. आमच्या आजीकडून मला जेवढं मिळालं तेवढं डिस्चार्ज बुकात नव्हतं. लग्नानंतर पहिली सुट्टी कधी मिळाली, किती आखाजी माहेरी काढल्या आणि न्यायला कोण आलं, ७१ ला बातमी कशी कळायची, असं विचारा. आजी सांगायची की तारवाला नुसता गल्लीतून गेला तरी बायका हातातलं काम सोडून दारात यायच्या, आणि सासू रोज संध्याकाळी दिवा लावताना एवढंच म्हणायची, "त्या येतीन, येतीन त्या," म्हणजे ते येतील. आजीला वाचता यायचं नाही, पत्र आलं की पोस्टमन नाहीतर शाळेतला एखादा पोरगा वाचून दाखवायचा, म्हणजे बायकोला जे सांगायचं ते सगळ्या ओट्याला ऐकू जाणार. म्हणून आबा पत्रात फक्त ढोरं, पाऊस आणि कपाशीची चौकशी करायचे. पण मनीऑर्डरच्या कुपनावर मजकुराला जी बोटभर जागा असायची तिथं प्रत्येक वेळी एकच ओळ, "तब्येतीस जपणे, दूध घेत जाणे." ही कुपनं आजीने हळद-कुंकवाच्या डब्याखाली रुमालात बांधून ठेवली होती, एकही टाकलं नाही. तुमच्याकडेही असतील, आजीच्या पेटीत बघा, आबांच्या ट्रंकेत सापडणार नाहीत.

इनलँड पत्रं सापडली तर घड्या जबरदस्तीने उलगडू नका, खिडकीजवळ उजेडात ठेवून फ्लॅश बंद करून फोटो काढा, लॅमिनेशन तर कधीच नको. पत्त्यावर ५६ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) असेल तर पोस्टिंग बहुधा पश्चिम-उत्तरेकडचं, ९९ एपीओ असेल तर पूर्वेकडचं, एवढ्यावरूनही बराच माग लागतो. जुन्या फोटोंच्या मागे पेन चालवू नका, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा.

रिटायरमेंटनंतरची वर्षं लोक एका ओळीत उडवतात, "नंतर शेती केली." अहो, खरा नवरा तर तिथं दिसतो! आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमचे आबा पहाटे चारला उठून पाणी तापवायचे, तिच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा तीन वाट्यांत लावून ठेवायचे, आणि सुना घरात असूनही तिची वेणी स्वतः घालायचे, ती एवढी घट्ट की आजी रोज कावायची आणि रोज त्यांच्यापुढेच येऊन बसायची. हे लिहिताना "आदर्श पती", "थोर योद्धा" असले शब्द नकोत, वेणी आणि तीन वाट्या लिहिल्या की वाचणाऱ्याला कळतं.

एक काम मात्र आबा हयात असतानाच करा. पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश असलेला कागद, काढा आणि त्यात आजीचं नाव आणि जन्मतारीख आधारकार्डासारखीच आहे का बघा. आपल्याकडे सासरी नाव बदलायची पद्धत होती, रेकॉर्डला माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असा घोळ फार घरांत आहे, काहींची तर लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डला लग्नाची नोंद, निघालेलीच नसते. माणूस गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी म्हातारीला चकरा माराव्या लागतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते रेकॉर्ड ऑफिसला काय पाठवायचं ते सांगतात. ज्याने आयुष्यभर तिची काळजी केली त्याच्या आठवणीसाठी तुम्ही करू शकता असं याहून मोठं काम नाही.

आणि ती वेळ आलीच तर घाईत बाजारातला तिरंगा आणून अंगावर घालू नका, शासकीय किंवा सैनिकी इतमामातल्या अंत्यविधीलाच तो घालता येतो आणि चितेबरोबर जाळायचा नसतो. आधी सैनिक कल्याण कार्यालयाला फोन करा, तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेलाही कळवा, फौजेतले जोडीदार येतात, सलामी देतात.

लिहून झालं की पंधरा-वीस पानं पुष्कळ झाली, झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घ्या, फोटो मध्ये मध्ये टाका. पहिलं वाचन आजीसमोर करा आणि तिने "असं नव्हतं" म्हटलं की तिथंच दुरुस्त करा. एकेक प्रत लेकींना द्या, लेकींना नक्की द्या, कारण जुने फोटो आणि कागद बहुतेक मुलांकडेच राहतात, आणि एक गावच्या शाळेला. मागे चार-पाच पानं कोरी सोडा, पलटणीतला एखादा जोडीदार भेटायला आला की त्याच्याकडून त्यात लिहून घेता येईल.